पदकाची घराकडची बाजू

सावित्रीबाई खानोलकरांचं नाव मराठी वाचकाला अगदीच नवं नाही. स्वातंत्र्यदिनाच्या नाहीतर प्रजासत्ताक दिनाच्या पुरवणीत त्यांच्यावर एखादी चौकट असतेच. स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलला जन्मलेली ईव्ह इव्होन माडे द मारोस ही मुलगी सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात शिकणाऱ्या विक्रम खानोलकर या मराठी तरुणाच्या प्रेमात पडते, त्याच्यासाठी हिंदुस्थान गाठते, लग्न करून सावित्री होते आणि पुढे परमवीर चक्राचं रेखाटन करते. चौकट तिथे संपते. तिच्यात खोटं काही नाही. पण सावित्रीबाई 1913 साली जन्मल्या आणि 1990 साली गेल्या. परमवीर चक्राची घोषणा झाली त्या 26 जानेवारी 1950 रोजी त्या 36 वर्षांच्या होत्या, म्हणजे अर्धं आयुष्यसुद्धा उलटलेलं नव्हतं. दोन वर्षांनी, 1952 मध्ये, मेजर जनरल विक्रम खानोलकर वारले. त्यानंतरची 38 वर्षं सावित्रीबाई एका सेनाधिकाऱ्याच्या विधवा म्हणून जगल्या. त्यांनी पुस्तकं लिहिली, जवानांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या अडीअडचणींत लक्ष घातलं, रामकृष्ण मठाच्या आसऱ्याने अध्यात्माकडे वळल्या. चौकटीत ही वर्षं अर्ध्या ओळीत उरकतात. मला त्या अर्ध्या ओळीविषयी लिहायचं आहे.

त्याआधीची हकिगत थोडक्यात सांगतो. वडील हंगेरियन, समाजशास्त्राचे प्राध्यापक. आई रशियन, शिक्षणक्षेत्रातली. बालपण जिनिव्हात, पुस्तकांच्या घरात. 1929 साली शामोनीच्या बर्फात विक्रम भेटले. सुट्टीत युरोप बघायला आलेला कॅडेट. 1932 साली लग्न झालं. विक्रम शीख रेजिमेंटमध्ये अधिकारी होते, त्यामुळे संसार छावणीतून छावणीत फिरता. सावित्रीबाईंनी मांसाहार सोडला, साडी घेतली. मराठी, हिंदी आणि संस्कृत शिकल्या. पाटण्याला बदली झाली तेव्हा वेदान्त आणि उपनिषदांचा रीतसर अभ्यास केला. नृत्य शिकायला उदय शंकरांकडे गेल्या. परदेशी बाई आपल्यापेक्षाही जास्त भारतीय झाली, असं कौतुक इथे ठरलेलं असतं. त्या कौतुकात आपण आपलीच पाठ थोपटून घेत असतो असं मला वाटतं. कोवळ्या वयात घर, भाषा, धर्म आणि स्वतःचं नाव इतकं सगळं एकदम बदललेल्या मुलीला काय काय गिळावं लागलं असेल, याचा त्या कौतुकात मागमूस नसतो. सावित्री या नावावर कोटी करायचा मोहही लेखकांना आवरत नाही. तो मी आवरतो.

लष्करी अधिकाऱ्याच्या बायकोचं आयुष्य बाहेरून डौलदार दिसतं. क्लब, मेस, बँडवरची संध्याकाळ. आतून ते काळ्या ट्रंकांचं आयुष्य असतं: झाकणावर पांढऱ्या रंगात नवऱ्याचा हुद्दा आणि नाव, बढती झाली की जुना हुद्दा खरवडून नवा लिहायचा, बदली आली की दोन दिवसांत सगळं त्यांत कोंबायचं. शिवाय फलटणीची एक जुनी रीत आहे. साहेबाने जवान सांभाळायचे तसं साहेबाच्या बायकोने जवानांची कुटुंबं सांभाळायची. बाळंतपण, मुलांच्या शाळा, सासूची कटकट, न आलेली मनीऑर्डर हे सगळं तिच्या कानावर येतं. या कामाला ना हुद्दा ना पगार. लढाई लागली की ते एका रात्रीत दसपट होतं. दुसरं महायुद्ध, फाळणी, आणि लगेच काश्मीर: सावित्रीबाईंच्या संसाराची मधली वर्षं याच क्रमाने गेली. फाळणीत घरं सोडून आलेल्यांच्या मदतीला त्या उभ्या राहिल्या, आणि जवानांच्या घरांशी त्यांचा संबंध नवऱ्याच्या मृत्यूनंतरही तुटला नाही.

परमवीर चक्राची गोष्ट या पार्श्वभूमीवर वाचली तर वेगळी दिसते. पदकं ठरवायचं काम ज्यांच्याकडे आलं ते मेजर जनरल हिरालाल अटल हे पहिले भारतीय ॲडज्युटंट जनरल. व्हिक्टोरिया क्रॉसच्या जागी स्वतंत्र देशाचं स्वतःचं पदक हवं होतं. अटलांनी ते काम सावित्रीबाईंवर सोपवलं, कारण पुराणं आणि प्रतिमा यांची त्यांच्याइतकी जाण असलेलं माणूस त्यांना जवळपास दुसरं दिसलं नाही. ॲडज्युटंट जनरलची शाखा म्हणजे नेमकं काय, हे सामान्य वाचकाला ठाऊक नसतं. मनुष्यबळ, शिस्त, समारंभ आणि सैनिकांचं कल्याण ही कामं त्या शाखेकडे असतात. म्हणजे पदकाचा मान आणि मागे राहिलेल्या कुटुंबाचा प्रश्न सरकारी रचनेत एकाच छताखाली येतात.

पदक हातात धरून पाहिलं तर दिसायला साधं आहे. ब्राँझचं, गोल, व्यास सव्वा इंचाहून किंचित जास्त, साडेतीन सेंटिमीटर. मध्ये उंचावलेल्या वर्तुळात राजमुद्रा, तिच्याभोवती इंद्राची चार वज्रं. मागच्या बाजूला हिंदी आणि इंग्रजीत नाव आणि त्यांच्या मध्ये दोन कमळं. वरची पट्टी फिरती, तिच्यातून जांभळी फीत. सोनं नाही, चांदी नाही, खडे नाहीत. मराठी लेखांत यात शिवछत्रपतींची भवानी तलवारही असल्याचं हमखास लिहिलेलं असतं. अधिकृत वर्णनात राजमुद्रा आणि वज्रं आहेत, तलवार नाही. सावित्रीबाईंच्या मनात महाराज असतीलही, आपल्याला ते आवडेलही, पण जे कागदावर नाही ते पदकावर चढवायचं कारण नाही. वज्र पुरेसं बोलतं.

वज्राची कथा सगळ्यांना माहीत आहे. वृत्रासुर कुठल्याच शस्त्राने मरेना, तेव्हा देवांनी दधीची ऋषींकडे त्यांच्या अस्थी मागितल्या. त्यांनी देह ठेवला, अस्थींचं वज्र झालं, वृत्र मेला. शाळेच्या पुस्तकात कथा इथे थांबते. शिवपुराणात ती थांबत नाही. दधीचींची बायको सुवर्चा त्या वेळी समोर नव्हती, आणि तिला दिवस गेलेले होते. परत येऊन पाहते तो सगळं उरकलेलं. तिने देवांना शाप दिला. पिंपळाच्या मुळाशी मुलाला जन्म दिला, तो पिप्पलाद. आणि त्याला तिथेच सोडून ती नवऱ्याच्या मागे गेली. विश्वाच्या कल्याणासाठी नवऱ्याने देह दिला म्हणून ती धन्य झाली वगैरे काही झालं नाही. आधी ती संतापली. संस्कृत वाचणाऱ्या आणि पुराणांत रमलेल्या सावित्रीबाईंना कथेचा हा भाग माहीत नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी तो मनात धरून वज्र निवडलं असा दावा मी करत नाही. त्याला पुरावा नाही. पण वज्र म्हटलं की सुवर्चा त्यात आलीच, आपण तिचं नाव घेतलं नाही तरी.

आजवर 21 जणांना परमवीर चक्र मिळालं. त्यांतल्या 14 जणांना मरणोत्तर. जो जिवंत असतो त्याच्या छातीवर राष्ट्रपती पदक लावतात. जो गेलेला असतो त्याचं पदक पेटीतून घरच्यांच्या हाती दिलं जातं. फीत, फिरती पट्टी, वजन, आकार हे सगळं छातीवर शोभावं म्हणून ठरलेलं, आणि 21 पैकी 14 पदकं ज्याची त्याच्या छातीवर कधी लागलीच नाहीत. स्मरणाच्या कार्यक्रमांत आप्त ती लावतात तेव्हा उजव्या बाजूला लावतात. डावी बाजू ज्याने मिळवलं त्याची. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात मानपत्राचं वाचन चालू असताना पुढे येणारी ती बाई, आई किंवा म्हातारा बाप आपण टीव्हीवर पाहिलेला असतो. कॅमेरा लगेच रणगाड्यांकडे वळतो.

पहिलंच परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मांचं, 3 नोव्हेंबर 1947, बडगाम. हाताला प्लॅस्टर असताना ते लढले. वय 24, लग्न झालेलं नव्हतं, पदक वडिलांनी घेतलं. त्यांचे भाऊ सुरिंद्रनाथ शर्मा हे सावित्रीबाईंचे जावई, थोरल्या मुलीचे, कुमुदिनीचे यजमान. हा योगायोग पुरवणीवाल्यांना फार आवडतो. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: तेव्हाचं लष्करी जग इतकं लहान होतं की पदकाचा आराखडा करणाऱ्या घरात आणि ते स्वीकारणाऱ्या घरात सोयरीक असू शकत होती. सावित्रीबाईंना वीरमरण बातमी म्हणून कळत नव्हतं, व्याह्यांच्या घरचं दुःख म्हणून कळत होतं.

मेजर धनसिंग थापांची गोष्ट तर कादंबरीत घातली तर कुणी विश्वास ठेवणार नाही. ऑक्टोबर 1962 मध्ये पँगाँगच्या काठी सिरीजापची चौकी पडली, थापा मेले असं समजून त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र जाहीर झालं. घरी अंत्यविधीही उरकले. मग कळलं की ते चीनच्या कैदेत जिवंत आहेत. 1963 साली ते परत आले. तोवर बायको रीतीप्रमाणे विधवेचं आयुष्य जगत होती, म्हणून संस्कार करून दोघांचं पुन्हा लग्न लावावं लागलं. विधवापण ही अवस्था किती अंशी मृत्यूची असते आणि किती अंशी भोवतालच्या लोकांनी लादलेली असते, हे या एका घरात महिन्यांच्या हिशेबाने दिसतं.

हवालदार अब्दुल हमीदांच्या पत्नी रसूलन बीबी यांनी 1966 साली पदक घेतलं आणि पुढे अर्धशतकाहून जास्त जगल्या. 2017 मध्ये, वय नव्वदीच्या आसपास असताना, त्या सेनाप्रमुख बिपिन रावत यांना भेटल्या आणि मी आहे तोवर एकदा आमच्या गावी या, असं सांगून आल्या. त्या वर्षी 10 सप्टेंबरला, हमीदांच्या स्मृतिदिनी, रावत गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरला गेले. लान्स नायक अल्बर्ट एक्का 1971 च्या युद्धात गंगासागरला पडले आणि त्यांना आगरतळ्याजवळ पुरलं. झारखंडातल्या त्यांच्या पत्नी बलमदीना एक्का यांची मागणी एवढीच होती की तिथली माती गावी यावी. ती यायला चार दशकांहून जास्त काळ गेला. या बायकांनी पुस्तकं लिहिली नाहीत, संस्था काढल्या नाहीत. पण ‘मला हे हवं आहे’ असं व्यवस्थेच्या तोंडावर सांगितलं.

सावित्रीबाईंच्या पुढच्या आयुष्याकडे पाहताना एक काळजी घ्यायला हवी. त्यांना आजच्या अर्थाने हक्कांसाठी झगडणाऱ्या कार्यकर्त्या ठरवणं हा इतिहासावर अन्याय होईल. 1952 साली मागे राहिलेल्या बाईसाठी दोन वाटा होत्या: नातेवाइकांचा आधार किंवा देवाचा. त्यांनी मठाची वाट धरली आणि तिथून सेवेची. सेवा करणारा माणूस समोरच्याची गरज बघतो. नियम कुणी केला आणि तो असा का, हा प्रश्न बहुतेकदा विचारत नाही. त्या पिढीची मर्यादा होती ती. आणि प्रश्न विचारायला नियम तरी कुठे धड होते? साधं कुटुंब निवृत्तिवेतन ही योजनाच 1964 पासूनची. लढाईत पडलेल्याच्या पत्नीला शेवटच्या पगाराइतकं उदार निवृत्तिवेतन मिळायला 1971 चं युद्ध आणि 1972 साल उजाडावं लागलं. मोहिनी गिरी यांनी युद्धविधवांची संघटना दिल्लीत उभी केली तीही 1972 मध्येच. दयेची जागा हक्काने घ्यायला तिथे कुठे सुरुवात झाली.

आजची व्यवस्था मोठी आहे आणि गुंतागुंतीचीही. सैनिक कशाने गेला यावर बायकोचं निवृत्तिवेतन ठरतं. सेवेशी संबंध नसलेलं आजारपण असेल तर शेवटच्या पगाराच्या साधारण 30 टक्के, सेवेमुळे मृत्यू असेल तर 60, लढाईत असेल तर 100. कागदावर हे न्याय्य वाटतं. घरात मात्र माणूस तेवढाच गेलेला असतो. हिमस्खलनात गेला की हृदयविकाराने, ते ‘सेवेमुळे’ की ‘सेवेत असताना’, या एका शब्दप्रयोगावर वर्षानुवर्षं खटले चाललेले आहेत.

महाराष्ट्रात यात एक खास आपली भर पडते. लग्नात मुलीचं नाव बदलायची आपली चाल. माहेरची सुनीता सासरी वैशाली होते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, नवऱ्याने पलटणीत कळवलेल्या लग्नाच्या नोंदीत, म्हणजे पार्ट टू ऑर्डरमध्ये, दुसरं, आधारवर तिसरंच काहीतरी स्पेलिंग. नवरा आहे तोवर कुणाचं अडत नाही. तो गेला की रेकॉर्ड ऑफिस विचारतं, ही बाई कोण? मग प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा दाखला, राजपत्रात जाहिरात, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची शिफारस, आणि दुरुस्त पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतनाचा आदेश, हाती पडेपर्यंत उसनवारी. ईव्हची सावित्री झालेल्या बाईच्या गोष्टीचं कौतुक करणाऱ्या समाजात, सुनीताची वैशाली झालेल्या बाईला आपणच आपण आहोत हे सिद्ध करत फिरावं लागतं.

सावित्रीबाईंच्या पदकालाच चिकटलेला एक नियम तर त्यांच्या मृत्यूनंतरही 27 वर्षं टिकला. शौर्यपदकासोबत दरमहा मानधन मिळतं. 2017 साली परमवीर चक्राचं ते वीस हजार रुपये झालं. पदकविजेता गेल्यावर मानधन पत्नीला मिळे, पण तिने पुन्हा लग्न केलं की बंद. अपवाद एकच: लग्न नवऱ्याच्या भावाशी केलं तर चालू. पेन्शनच्या जुन्या नियमांतही दिराची हीच मेख होती. याचं मूळ पंजाब आणि हरियाणाच्या बाजूला विधवेवर दिराने चादर घालायची जी चाल आहे तिच्यात शोधावं लागतं. सैन्यभरती तिकडून फार होई, जमीन आणि पैसा घरातच राहावा ही घरच्यांची इच्छा, आणि तीच सरकारी भाषेत उतरली. मराठी मुलखात पाट लावायची रीत अनेक जातींत होती, पण तो दिराशीच लागावा असा सार्वत्रिक रिवाज नव्हता. नियमाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. नोव्हेंबर 2017 मध्ये संरक्षण मंत्रालयाने ही अट काढली. विधवेचं धैर्य नवऱ्याच्या शौर्याहून कमी मानू नये असं भाषण करणारे पुष्कळ होते. तिने कुणाशी लग्न करावं हे मंत्रालयाने ठरवू नये, एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला पदक सुरू झाल्यापासून 67 वर्षं लागली.

राहिली पुस्तकं. सावित्रीबाईंनी महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते भारतीय विद्या भवनाने काढलं. आणि संस्कृत नावांचा एक कोश केला. लष्करी आठवणी त्यांनी लिहिल्या नाहीत. नवऱ्याचं चरित्र, छावणीतले किस्से, पदकाच्या जन्माची कहाणी यांना तेव्हाही वाचक मिळाला असता आणि आज तर हातोहात खपली असती. एखाद्या सेनापतीच्या विधवेने नवऱ्याची कीर्ती सांभाळण्यासाठी आयुष्यभर लिहावं, याची उदाहरणं जगात कमी नाहीत. अमेरिकेतल्या एलिझाबेथ कस्टर 1876 साली विधवा झाल्या आणि 1933 पर्यंत त्यांनी दुसरं जवळपास काहीच केलं नाही. सावित्रीबाईंनी तो रस्ता घेतला नाही. त्यांनी जे लिहिलं त्यात खानोलकर कुठेच विषय नाहीत. याकडे काही जण संसारातून मन काढून घेणं म्हणून पाहतील. मला त्यात स्वतःचं काहीतरी करण्याची जिद्द दिसते. परक्या मुलखातून आलेल्या बाईने मराठी संतांकडे स्वतःच्या अभ्यासाने जावं आणि त्यांच्याविषयी जगाला सांगावं, यात कुणाची बायको असण्याचा काही भाग नव्हता. पदक त्यांच्याकडे कामगिरी म्हणून सोपवलं गेलं होतं. पुस्तकं त्यांनी आपणहून लिहिली. त्यांचं मोजमाप करायचं तर मी तरी पुस्तकांपासून सुरुवात करेन.

आणि ज्यांनी पुस्तकं लिहिली नाहीत त्यांनी अर्ज लिहिले. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे, ज्याच्या नावापुढे लोक ‘मिलिटरी’ लावतात, कारण घरटी माणूस सैन्यात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जण पडले. त्यांच्या नावाचा स्तंभ गावात आहे, बायकांची नावं त्यावर अर्थातच नाहीत. अशा गावांतल्या घरांमध्ये काळ्या ट्रंकेच्या तळाशी अर्जांच्या नकला असतात. ‘मी खाली सही करणार’ अशी सुरुवात, मास्तरांकडून नाहीतर मुलाकडून लिहून घेतलेला मजकूर, खाली अंगठा. पुढे मुलगी शिकली की तिच्या हातचं वळणदार अक्षर. काय मागितलं, कितीदा मागितलं, कुठल्या शब्दांत मागितलं, आणि ‘दया व्हावी’ची जागा ‘नियमाप्रमाणे मिळावं’ने कधी घेतली, ते सगळं त्यांत तारीखवार आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या चार जिल्ह्यांतले असे कागद जरी कुणी गोळा करून छापले, तरी सावित्रीबाईंच्या पुस्तकांशेजारी ठेवावा असा एक जाड खंड होईल. विद्यापीठांच्या इतिहास विभागांना हे काम अवघड नाही. ट्रंका अजून घरांत आहेत. घरं पाडून नवी बांधली जातात तेव्हा त्या भंगारात जातात, आणि सध्या गावोगावी घरं बांधायचंच काम जोरात आहे.